‘चर्चेनुसार’ या शब्दामागे कोण बसलेलं असतं?

मंत्रालयातून एखादा नियम बदलून बाहेर पडला की चर्चा सुरू होते ती पाकिटाची. किती दिले, कुठे दिले, कुणाच्या हातून गेले. पाकीट सहसा सापडत नाही. सापडतं ते निवेदन: एखाद्या संघटनेच्या, कंपनीच्या नाहीतर आमदाराच्या लेटरहेडवरचं दीड पानी पत्र, कोपऱ्यात मंत्र्यांचा शेरा, खाली आवक शिक्का. राज्याच्या राजकारणातलं लॉबिंग, म्हणजे धोरण आपल्या बाजूने वळवण्यासाठी लावलेला जोर, बऱ्याचदा या कागदापासून सुरू होतं. तो लपवलेलाही नसतो, फक्त कुणी मागत नाही.

आपल्याकडे लॉबिंग या शब्दाला कायद्यात व्याख्याच नाही. २०१३ साली कालिकेश सिंह देव यांनी लोकसभेत लॉबिंग उघड करण्याविषयीचं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. त्याच्या थोडं आधी, डिसेंबर २०१२ मध्ये, वॉलमार्टने लॉबिंगवर केलेल्या खर्चावरून संसदेत गोंधळ झाला आणि न्या. मुकुल मुद्गल यांची एकसदस्यीय चौकशी नेमावी लागली. आता ही माहिती बाहेर आली कुठून? अमेरिकेच्या सिनेटकडे कंपनीने स्वतःच भरलेल्या विवरणांतून. तिथल्या १९९५ च्या कायद्याने दर तिमाहीला विषय आणि खर्च सांगावा लागतो, आणि कंपनीने विषयांमध्ये भारतीय बाजारपेठेतला प्रवेशही लिहिला होता. म्हणजे भारतातल्या धोरणासाठी कुणी जोर लावला हे आपल्याला वॉशिंग्टनच्या रजिस्टरवरून कळलं. मुंबईत किंवा पणजीत तसं रजिस्टर नाही, म्हणून इथे नस्ती, म्हणजे सरकारी फाईल, वाचावी लागते.

नस्ती वाचताना

नस्तीचे दोन भाग असतात. टिपणी विभाग (टि.वि.) आणि पत्रव्यवहार विभाग (प.वि.). टिपणीत ‘पृ. ४५/प.वि. वरील पत्र कृपया पाहावे’ असे संदर्भ येतात, त्यामुळे दोन्ही भाग एकत्र मागितले नाहीत तर हाती काही लागत नाही. बहुतेकांचा माहिती अधिकार अर्ज इथेच फसतो. ‘टिपणीच्या प्रती द्या’ असं लिहिलं की टिपणी मिळते, आणि ज्या पत्रावरून ती लिहिली ते पत्र राहून जातं.

प.वि. मधलं सर्वांत जुनं पत्र आधी काढायचं. त्यावर तीन गोष्टी बघायच्या: लेटरहेड, आवक दिनांक आणि शेरा. शेऱ्यांची स्वतःची भाषा असते. ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’ म्हणजे पत्र आणणाऱ्याचं मन राखलं, पुढे काही होणार नाही. ‘तपासून सादर करावे’ हे मधलं. ‘प्रस्ताव तात्काळ सादर करावा’ आणि ‘बैठक लावावी’ हे खरे. असा शेरा आला की सहायक कक्ष अधिकाऱ्यापासून कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव असा जिना चढत टिपणी वर जाते. वाटेत विधी व न्याय आणि वित्त विभागांचे अभिप्राय येतात. ते प्रतिकूल असतील तर तसं स्पष्ट लिहिलेलं सापडतं. आपल्या प्रशासनाची ही एक चांगली सवय आहे: खालचा अधिकारी सहसा स्वतःची मान वाचवण्यापुरतं खरं लिहून ठेवतो.

आणि मग एखाद्या पानावर फक्त एवढंच असतं: ‘चर्चा केली. चर्चेनुसार फेरसादर.’ पुढच्या पानापासून टिपणीचा सूर बदललेला. आधी ‘प्रस्ताव मान्य करता येणार नाही’ असं म्हणणारा विभाग आता ‘विशेष बाब म्हणून’ पर्याय सुचवतो. चर्चा कुणाशी झाली, खोलीत आणखी कोण होतं, किती वेळ, काय कागद दाखवले, यातलं काहीच नस्तीत नाही. ई-ऑफिस आल्याने हे सुधारलं असं मानू नका. संगणकावरची नस्ती कुणाकडे किती वाजता गेली ते अचूक सांगते. ‘चर्चेनुसार’ तिथेही एकाच शब्दात टाईप होतं.

माझ्या मते राज्यपातळीवरच्या लॉबिंगला आवर घालायचा म्हणजे या एका शब्दाच्या मागची खोली उघडायची. बाकीचे उपाय त्याच्या मागून.

कागद मागायचा कसा

महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, प्रतींना पानाला २ रुपये. त्यामुळे भाषण करायला जागा नाही आणि ते बरंच आहे. अर्जात चार गोष्टी पुरतात: अधिसूचनेचा किंवा शासन निर्णयाचा क्रमांक-दिनांक, त्या नस्तीच्या टि.वि. आणि प.वि. दोन्ही भागांच्या प्रती. हा बदल सुचवणारी सर्व निवेदनं, आवक क्रमांकांसह. आणि या विषयावरच्या बैठकांची सूचनापत्रं, इतिवृत्तं व उपस्थितांच्या सह्यांचा कागद. ‘का’ विचारायचं नाही. माहिती अधिकारी असलेला कागद देण्यास बांधील आहे, कारणमीमांसा करण्यास नाही. ‘का’ दिसला की अर्ज त्या एका शब्दावर निकाली निघतो.

पाने किती आहेत याचा अंदाज नसेल तर आधी अवलोकन मागावं. पहिला तास विनामूल्य असतो. जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये २०१८ च्या शासन निर्णयाने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू देण्याची सोय केली आहे. कार्यालयातल्या लोकांनाच ती नेहमी ठाऊक असते असं नाही, शासन निर्णयाची प्रत खिशात असावी.

नकार ठरलेल्या वाटांनी येतो. निर्णय व्हायच्या आधी अर्ज केला तर कलम ८(१)(झ), मंत्रिमंडळाचे कागद. त्याच कलमात पुढे लिहिलंय की निर्णय झाला आणि विषय संपला की ते कागद, कारणांसह, खुले. म्हणून अधिसूचना निघाल्यावर लगेच अर्ज टाकायचा. कंपनीचं पत्र असेल तर त्रयस्थ पक्ष म्हणून कलम ११ पुढे करतात: पाच दिवसांत त्या कंपनीला नोटीस, तिला म्हणणं मांडायला दहा दिवस, निर्णय एकूण चाळीस दिवसांत. त्रयस्थाची हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे, ती फक्त विचारात घ्यायची असते. पण ‘कंपनीने हरकत घेतली सबब माहिती देता येत नाही’ या एका ओळीवर अर्जदार घरी जातो. तिसरी वाट हल्ली रुंद झाली आहे. वैयक्तिक माहितीच्या ८(१)(ञ) मध्ये पूर्वी जनहिताची कसोटी होती, २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने ती काढून टाकली. आता जनहितासाठी कलम ८(२) चा आधार अपिलात मुद्दाम, कलम क्रमांक लिहून घ्यावा लागतो. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत, प्रत्येकी २० रुपयांचा स्टॅम्प. दुसऱ्या अपिलाच्या सुनावणीला किती काळ जाईल ते विचारू नका. म्हणून पहिल्या अपिलातच सगळा जोर लावायचा.

नियमबदल: महिन्याभराची फट

जमिनीच्या वापराचे नियम हा या सगळ्यातला सर्वांत तापलेला तवा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना (एमआरटीपी) कायदा, १९६६ च्या कलम ३७(१कक) खाली राज्य सरकार विकास नियंत्रण नियमावलीत स्वतः फेरबदल प्रस्तावित करू शकतं. राजपत्रात सूचना येते, हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो, नगर रचना विभागाचा अधिकारी सुनावणी घेतो. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळता राज्यभर २ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेने लागू झालेल्या एकत्रीकृत नियमावलीत (यूडीसीपीआर) असे बदल सतत होत आले आहेत.

गंमत अशी की काही सूचनांमध्ये शेवटी कलम १५४ जोडलेलं असतं. म्हणजे शासनाचे निदेश: प्रस्तावित बदल अंतिम मंजुरीच्या अधीन राहून आजपासूनच अमलात आणावा. हरकतीची मुदत चालू आणि त्याच वेळी नव्या नियमाने नकाशे मंजूर. महिन्याने तुमची हरकत कितीही बिनतोड असली तरी तोवर इमारतीचा पाया भरलेला असतो. सूचना हातात आली की पहिलं काम, १५४ चा उल्लेख शोधणं.

दुसरं काम आकडे शोधणं. कुणासाठी नियम शिवलाय हे आकड्यांवरून कळतं. ‘किमान क्षेत्र ४ हेक्टर’, ‘१२ मीटरऐवजी ९ मीटर रुंदीचा रस्ता’, ‘अमुक दिनांकापूर्वी ज्यांना सुरुवात प्रमाणपत्र मिळालं आहे असे प्रकल्प’ (म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी मिळालेले). कट-ऑफ तारीख दिसली की त्या तारखेच्या आसपास अडकलेले मोठे प्रकल्प किती, ते महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतं. एकच प्रकल्प बसत असेल तर तेवढीच नोंद हरकतीत करायची, आरोप करायचा नाही.

हरकत लिहिताना जुन्या नियमाचा मजकूर, नवा मजकूर, फरक आणि त्याचा परिणाम असे चार भाग. शेवटी दोन मागण्या: प्रत्यक्ष सुनावणी, आणि हा बदल सुचवणारी निवेदनं प्रसिद्ध करणं (माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ग) धोरण ठरवताना संबंधित तथ्यं प्रसिद्ध करा असंच सांगतं). नुसत्या ई-मेलवर थांबू नये. टपाल कक्षात देऊन आवक क्रमांकासह पोच घ्यावी, कारण सुनावणीच्या यादीत नाव नसलं की वाद त्या पोचेवरच मिटतो. आणि दोनशे जणांनी एकच छापील मजकूर दिला तर अहवालात ती ‘समान स्वरूपाच्या हरकती’ म्हणून एका ओळीत जाते. वेगवेगळ्या मुद्द्यांच्या पाच हरकती त्याहून जड.

गोव्यात याच रोगाचं वेगळं रूप दिसलं. तिथल्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्यात २०२३ साली कलम १७(२) आलं. प्रादेशिक आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा झोन बदलता येऊ लागला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. अर्ज एकेकट्या जमीनमालकाचा, निर्णय एकेका सर्व्हे नंबरचा: धोरणाचं किरकोळ दुकान मांडलं की लॉबिंगला संघटनेचीही गरज उरत नाही.

जाता जाता एक गोष्ट. महाराष्ट्रात लॉबिंगचा एक प्रकार अधिकृतपणे छापून येतो आणि त्याकडे कुणी बघत नाही: निविदापूर्व बैठकीतल्या प्रश्नांची यादी. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर शुद्धिपत्रकासोबत तो तक्ता अनेकदा चढवलेला असतो. कलम, कंपनीचं म्हणणं, विभागाचं उत्तर. कुणी कोणती अट सैल करायला सांगितली आणि कुठली मान्य झाली ते रकान्यांत दिसतं. पात्रतेच्या अटी घट्ट आहेत की नाही हे ताडायला केंद्रीय दक्षता आयोगाचं २००२ चं मोजमाप हाताशी ठेवावं: सारख्या स्वरूपाची तीन कामं प्रत्येकी अंदाजित खर्चाच्या ४० टक्के, किंवा दोन ५० टक्के, किंवा एक ८० टक्के. ‘एकच काम १२० टक्के किमतीचं’ अशी अट दिसली की ती कुणाच्या मापाची आहे हे शोधायला लागावं.

पैसा कुठे दिसतो, कुठे नाहीसा होतो

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. त्याच निकालाने कंपनी कायद्याच्या कलम १८२ मधली जुनी अट परत आणली: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच देणगी, आणि नफा-तोटा पत्रकात पक्षाचं नाव. कंपनीचे दाखल कागद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपयांत बघता येतात. दुसऱ्या बाजूने पक्ष २०,००० रुपयांवरच्या देणग्या फॉर्म २४अ मध्ये निवडणूक आयोगाला देतात. दोन्ही टोकं जुळवली की काही चित्र दिसायला लागतं.

पण ते चित्र राज्यापुरतं कधीच होत नाही, आणि इथेच राज्याच्या राजकारणाची मोठी पळवाट आहे. फॉर्म २४अ पक्षाचा असतो, प्रदेश शाखेचा नाही. मुंबईतल्या विकासकाने दिलेली रक्कम दिल्लीच्या यादीत येते आणि कोणत्या राज्यात खर्च झाली ते कळत नाही. मध्ये देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारा इलेक्टोरल ट्रस्ट असेल तर आणखी धूसर: ट्रस्टने वर्षात आलेल्या रकमेपैकी ९५ टक्के वाटायचे असतात, देणारे एका यादीत, घेणारे दुसऱ्या यादीत, कुणाचा पैसा कुणाकडे हा धागा तुटलेला. उमेदवाराला महाराष्ट्रात विधानसभेसाठी ४० लाखांची खर्चमर्यादा, गोव्यात २८ लाखांची, निकालानंतर ३० दिवसांत हिशेब. पक्षाने स्वतः केलेल्या खर्चाला मर्यादाच नाही.

उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्राचा फॉर्म २६ हा त्यातल्या त्यात उपयोगी कागद. पुढे त्यात उत्पन्नाचा स्रोत आणि सरकारी कंत्राटांची माहितीही आली. तोटा असा की तो पाच वर्षांतून एकदा भरला जातो. मधल्या काळात मंत्र्याने मालमत्तेचं विवरण दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत मुख्यमंत्र्यांना द्यावं असं आचारसंहितेत आहे, पण ती आचारसंहिता म्हणजे कायदा नव्हे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ सरकारी कंत्राटदाराला अपात्र ठरवतं खरं, मात्र कंत्राट त्याने स्वतः, स्वतःच्या धंद्यात घेतलेलं असलं तरच. पत्नीच्या नावे किंवा कंपनीच्या नावे घेतलं की कलम संपलं.

तारखा जुळल्या म्हणून लाच सिद्ध होत नाही, हे स्वतःला बजावत राहावं. देणगीची तारीख, निवेदनाची तारीख, अधिसूचनेची तारीख एका ओळीत मांडावी आणि थांबावं. हेतू लिहायला गेलं की मानहानीची नोटीस येते आणि मूळ तक्ता बाजूला पडतो.

दुसऱ्यांनी काय केलं, कुठे चुकले

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याचं उदाहरण आपल्याला जवळचं, कारण तिथेही प्रश्न बिल्डरांचा होता. २००९ साली त्यांनी मालमत्ता विकासकांच्या राजकीय देणग्यांवर बंदी घातली. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मधल्या काळात काय झालं? पैसा एका फाउंडेशनमार्फत वळवून आणला गेला, आणि ते राज्याच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाने उघड केलं. त्याच आयोगासमोर २०१४ च्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्री बॅरी ओ’फॅरल यांनी सांगितलं की १९५९ ची पेनफोल्ड्स ग्रेंज, सुमारे ३,००० डॉलरची वाइनची बाटली, आपल्याला मिळालीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हस्ताक्षरातलं आभाराचं पत्र समोर आलं आणि त्यांनी राजीनामा जाहीर केला. मुद्दाम दिशाभूल केली असं आयोगाने म्हटलं नाही. खुर्ची मात्र गेली. त्याच वर्षी तिथे मंत्र्यांच्या बाहेरच्या लोकांशी झालेल्या बैठकींची यादी दर तिमाहीला प्रसिद्ध करायला सुरुवात झाली.

आपला लोकायुक्त कायदा १९७१ चा, देशात सर्वांत आधी अमलात आलेला, पण त्याखाली लोकायुक्त शिफारस करतात आणि मुख्यमंत्री कक्षेबाहेर. नव्या विधेयकाला विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्यात मुख्यमंत्री आहेत, पण चौकशी सुरू करायला विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी. ज्याच्याकडे बहुमत आहे त्याच्याविरुद्ध दोन तृतीयांश कुठून आणायचे, हे विधेयकात लिहिलेलं नाही.

नोंदणीसाठी आयर्लंडचा २०१५ चा कायदा मला सर्वांत कामाचा वाटतो. नोंद करायची जबाबदारी मंत्र्यावर नाही, भेटायला जाणाऱ्यावर. वर्षातून तीन विवरणं, चार-चार महिन्यांची, मुदत संपल्यावर २१ दिवसांत. कुणाला भेटलो, विषय काय, आणि काय व्हावं अशी अपेक्षा होती, हे लिहायचं. दहा किंवा त्याहून कमी नोकर असलेल्या छोट्या धंद्यांना सूट, पण जमिनीच्या विकासाविषयी किंवा झोनिंगविषयी बोलायला जाणाऱ्या कुणालाही सूट नाही, अपवाद फक्त स्वतःच्या राहत्या घराचा. आपल्याकडे हे एकच कलम जसंच्या तसं घेतलं तरी अर्धं काम झालं. ते चुकले शिक्षेत. पद सोडल्यावर एक वर्ष थांबायचा नियम होता, तो मोडला तर दंडच नव्हता. २०२० मध्ये अर्थखात्याचा एक माजी राज्यमंत्री गुंतवणूक-व्यवस्थापकांच्या संघटनेचा प्रमुख झाला आणि कुणी काही करू शकलं नाही. २०२३ च्या दुरुस्तीने २५,००० युरोपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत बंदी आणली. आपल्याकडे निवृत्त सनदी अधिकाऱ्याला एका वर्षाच्या आत खासगी नोकरी धरायची तर परवानगी लागते. मंत्र्याला आणि आमदाराला काहीच लागत नाही.

शासन निर्णयाने होईल इतकं

कायदा होईल तेव्हा होवो. कोण कुणाला भेटलं याची नोंद ठेवणाऱ्या बैठकवहीसाठी तो लागत नाही, सामान्य प्रशासन विभागाचा एक शासन निर्णय पुरतो. वही ठेवायची ती यांनी: मंत्री, राज्यमंत्री, त्यांचे स्वीय सहायक आणि विशेष कार्य अधिकारी, सचिव, आणि महापालिका आयुक्त. स्वीय सहायक सुटले तर वही निरर्थक, कारण निम्म्या बैठका त्यांच्याच टेबलावर होतात. सह्याद्री अतिथिगृह, मंत्र्यांचे बंगले आणि दौऱ्यातली विश्रामगृहं धरून; नाहीतर मंत्रालयात कुणी भेटणारच नाही. मतदारसंघातल्या माणसाने रेशनकार्ड, दाखला, उपचार यांसाठी घेतलेली भेट वगळायची, ती खासगी बाब आहे आणि तिच्या गर्दीत बाकीचं हरवतं. रकाने सहा: दिनांक, ठिकाण, कोण आलं, कुणाच्या वतीने, विषय, नस्ती क्रमांक. दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत विभागाच्या संकेतस्थळावर, शोधता येईल अशा तक्त्यात; स्कॅन केलेली वाकडी पीडीएफ नको.

‘कुणाच्या वतीने’ हा रकाना सगळे रिकामा ठेवायला बघतील. वकील, वास्तुविशारद, माजी आमदार, निवृत्त अधिकारी ‘शिष्टाचार भेट’ लिहून जातील. म्हणून सहावा रकाना. टिपणीत ‘चर्चेनुसार’ लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने त्या चर्चेचा वहीतला अनुक्रमांक कंसात टाकायचा, आणि अनुक्रमांक नसेल तर वित्त किंवा विधी व न्याय विभागाने नस्ती न वाचता परत पाठवायची.